वजन नसलेला ब्रोच

१

दागिना चोरीला जातो तेव्हा कुलूप तुटते, कपाट उघडे पडते, निदान एखादी रिकामी डबी तरी मागे राहते. इथे तसले काहीच नव्हते. चित्र जागच्या जागी होते, चौकट शाबूत होती, चित्रातली बाईसुद्धा नेहमीसारखी शांत बसली होती. फक्त तिच्या कॉलरवरचा ब्रोच नाहीसा झाला होता. रंगाने काढलेला ब्रोच.

संग्रहालयाच्या संचालकांनी चित्रावरचे कापड ओढले आणि ते तसेच हातात धरून उभे राहिले.

"काल होता," ते म्हणाले. "काल आपण सगळ्यांनी पाहिलाय."

"होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्या खऱ्या डॉक्टर नव्हेत. जुनी चित्रे दुरुस्त करणे हे त्यांचे काम. पण पांढरा अंगरखा, डोळ्यावर भिंग आणि आजारी माणसाजवळ बोलावे तसा हळू आवाज, यामुळे सगळे त्यांना याच नावाने हाक मारीत.

हे चित्र संग्रहालयातल्या सगळ्यांच्या ओळखीचे, आणि तरीही अनोळखी होते. काळ्या मखमलीचा पोशाख, खांद्यांवर पसरलेली पांढऱ्या लेसची रुंद कॉलर, कानांत लांब मोती, कमरेच्या साखळीला किल्ल्यांचा जुडगा. खाली पितळी पाटी: 'अज्ञात सरदारीण'. ज्यांच्या घरी ते पिढ्यान्‌पिढ्या लटकत होते, त्यांनी ते संग्रहालयाला देऊन टाकले होते. ती कोण, हे त्यांनाही ठाऊक नव्हते.

मग अलीकडेच त्याच घरातली एक मुलगी आजीचा ब्रोच घेऊन आली. निळ्या खड्यांचे, पाच पाकळ्यांचे फूल. चित्रातल्या ब्रोचशी हुबेहूब जुळणारे. आणि खऱ्या ब्रोचच्या पाठीवर एका बाईचे नाव कोरलेले! संचालकांचा आनंद गगनात मावेना. नवी पाटी तयार झाली, निमंत्रणे गेली. आणि आता ज्याच्या जोरावर नाव मिळाले, तो ब्रोचच चित्रातून गेला.

संचालकांनी कापड खाली टाकले. "खोलीची किल्ली तुमच्याकडे. रंग काढायच्या बाटल्या तुमच्याकडे. कापूस तुमच्याकडे."

"चौकटीला कीड लागलीय का, एवढंच बघायला चित्र माझ्याकडे आलं होतं. रंगाला मी हात लावलेला नाही."

"उद्या दुपारी विश्वस्त येतायत. तोपर्यंत हे कोणी केलं ते मला कळलं पाहिजे. नाहीतर मला तुमचंच नाव सांगावं लागेल. माझा इलाज नाही."

ते गेले. डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या. त्यांच्या धंद्यात एक गोष्ट पक्की होती. 'हिच्या हातून चित्र बिघडलं' असे एकदा कोणी म्हटले, की पुढे कोणी साधी चौकटसुद्धा हातात देत नाही.

त्यांनी फोन उचलला. "बाई, येता का? आत्ता."

२

मोठ्या बाई त्याच संग्रहालयात वस्त्रे आणि अलंकार या विभागाच्या प्रमुख होत्या. आता निवृत्त झाल्या होत्या. त्यांची एक सवय होती. काहीही घडले तरी 'कोणी केलं?' असे त्या आधी विचारत नसत. 'काय दिसतंय?' असे विचारत.

"काय दिसतंय?" त्यांनी आत येताच विचारले.

"ब्रोच दिसत नाही."

"ते न दिसणं झालं. दिसतंय काय?"

डॉक्टरीणबाईंना अशा वेळीही हसू आले. त्यांनी दिवा जवळ घेतला. "ब्रोचच्या जागी लेस दिसतेय. खालची लेस अखंड आहे. आणि हे बघा, व्हार्निशची चकाकीसुद्धा तशीच आहे. माझ्या बाटलीतलं काहीही लावलं असतं तर इथे चकाकी मेली असती."

"आणखी?"

"इथे लेसमध्ये बारीकशी गाठ आहे. जाळी जरा दाट झालीय."

मोठ्या बाईंनी भिंग लावून ती जागा पुष्कळ वेळ पाहिली. "असू दे. हे नंतर बघू," त्या म्हणाल्या. "आता सांग, तुला जुन्या चित्रावरून रंग काढायचाय. पहिलं काम काय करशील?"

"कडेला, चौकटीखाली झाकल्या जाणाऱ्या जागी, मोहरीएवढ्या ठिपक्यावर करून बघीन. कशाने काय निघतं ते आधी कळायला हवं ना. एकदम मधोमध हात घालणं म्हणजे आंधळ्याने वस्तरा चालवणं."

दोघींनी चित्र चौकटीतून सैल करून चारही कडा तपासल्या. असा ठिपका कुठेच नव्हता.

"म्हणजे कोणीतरी घाईत केलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"किंवा त्याला करून बघायची गरजच नव्हती." मोठ्या बाईंनी हात पुढे केला. "कालचा फोटो दाखव."

फोटोत खरा ब्रोच चित्राजवळ धरलेला होता. कोणीही पाहिले असते तर दोन्ही फुले ताडून पाहिली असती. मोठ्या बाईंनी फुलांकडे पाहिलेच नाही. त्या आजूबाजूला बघत होत्या.

"हा चित्रकार मोठा इमानी माणूस होता," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "मोती जड आहेत, तर कानाची पाळी ओघळलेली दाखवलीय. किल्ल्या जड आहेत, तर साखळी ताणलेली आणि मखमलीला चुणी पडलेली. आता ब्रोच बघ. सोन्याचा, खडे जडवलेला, आणि टोचलाय कशात? कोळ्याच्या जाळ्याएवढ्या पातळ लेसमध्ये. लेसचं काय झालंय?"

डॉक्टरीणबाई फोटोवर वाकल्या. लेस सरळ होती. ना ओढ, ना सुरकुती.

"काहीच झालेलं नाही," त्या म्हणाल्या.

"बरोबर. त्या बाईच्या अंगावर सगळ्याला वजन आहे. या ब्रोचला नाही."

३

काल या खोलीत कोण कोण होते, हे समजून घेणे सोपे होते. फोटोसाठी पाच जण जमले होते: संचालक, डॉक्टरीणबाई, ब्रोच पारखून देणारे सराफ, ब्रोच आणणारी नात आणि तिचे आजोबा. फोटो झाल्यावर सगळे शेजारच्या खोलीत चहाला गेले. आजोबांचे गुडघे कुरकुरत होते म्हणून ते इथेच खुर्चीत बसून राहिले; त्यांना एक पेला पाणी तेवढे दिले होते. मध्येच सराफ विसरलेले भिंग न्यायला आले. शेवटी नात आजोबांना न्यायला आली. डॉक्टरीणबाई परतल्या तेव्हा चित्र झाकलेले होते. त्यांना वाटले, संचालकांनी झाकले. संचालकांना वाटले, त्यांनी झाकले. दार बंद झाले.

सराफ आपल्या दुकानात काचेच्या पेटीमागे बसले होते. मोठ्या बाईंना पाहून उठले, आणि कशासाठी आल्या ते ऐकून पुन्हा बसले.

"माझ्यावर संशय? बाई, मी दागिने विकतो, पुसत नाही."

"संशय नाही हो. शंका आहे. संशय माणसावर घ्यायचा, शंका वस्तूला विचारायची. ब्रोच जुना आहे?"

"जुनाच. घडण हातची, सोनं जुन्या कसाचं. फक्त एका पाकळीतला खडा काचेचा आहे. कोणीतरी मागाहून बसवलाय. आणि गंमत बघा, चित्रातही तीच पाकळी मंद! तेवढीच एक. मीच ते संचालकांना दाखवलं. याहून मोठा पुरावा काय हवा?"

"फारच मोठा पुरावा आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "काच कधी बसवली असेल?"

"ते कसं सांगणार? सोनं बोलतं बाई, काच गप्प असते."

"भिंग घ्यायला गेलात तेव्हा आजोबा काय करत होते?"

"काय करणार? बसले होते. चित्राकडे बघत. मी 'येतो' म्हटलं, तर त्यांना ऐकूही गेलं नाही." सराफ जरा थांबले. "खरं सांगू? रडत होते की काय, असं वाटलं मला."

४

नात आणि आजोबा दोघेच राहत होते. नातीने दार उघडले तेच बोलत बोलत. ब्रोच गेल्याचे तिला सकाळीच संचालकांकडून कळले होते आणि तेव्हापासून तिला चैन नव्हते.

"आजीचा ब्रोच इतक्या जुन्या चित्रात, म्हणजे विचार करा! मी त्यावर लेख लिहिलाय. आता कोण विश्वास ठेवणार? फोटोला म्हणतील बनावट. आजोबा म्हणतात, जुना रंग आहे, झडला असेल. असा एका रात्रीत झडतो होय?"

"हिने वकील व्हायला हवं होतं," आजोबा कोपऱ्यातल्या खुर्चीतून म्हणाले.

"आणि तुम्ही आरोपी!" नात म्हणाली. "एका प्रश्नाचं उत्तर सरळ देत नाहीत हे."

मोठ्या बाई हसल्या. भिंतीवर छोट्या चौकटींत पानाफुलांची चित्रे होती, हलक्या रंगांची, पाकळ्यांवर दव असल्यासारखी. "छान आहेत. कोणाची?"

"आजोबांची. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला एक. पाण्याचे रंग. दुसरे चालतच नाहीत त्यांना."

"आजीबद्दल सांग."

नातीचा आवाज मऊ झाला. "आजी ब्रोच कधी काढायची नाही. लहान असताना तिने तो दगडावर पाडला होता, एक खडा उडून हरवला. मग तिच्या वडिलांनी काच बसवून दिली. आजी मला ती मंद पाकळी दाखवायची आणि म्हणायची, 'बाकीचं फूल आजीकडून आलंय, पण ही पाकळी माझी आहे.'"

आजोबांच्या हातातली कपबशी हलली. चहा बशीत सांडला, शर्टावरही पडला.

"अहो, रुमाल घ्या ना!" नात धावली.

आजोबांनी एक खिसा चाचपला, मग दुसऱ्या खिशापर्यंत नेलेला हात मागे घेतला. "विसरलो वाटतं कुठेतरी."

"कालच तर इस्त्री करून खिशात घातला होता मी!"

मोठ्या बाईंनी आपला रुमाल पुढे केला. आजोबांनी तो घेतला, पण त्यांच्या डोळ्यांकडे पाहिले नाही.

"उद्या सकाळी दोघंही संग्रहालयात याल का?" मोठ्या बाई म्हणाल्या. "डॉक्टरीणबाईंवर बालंट आलंय. त्यांनीच चित्र बिघडवलं, असं ठरत आलंय."

"त्यांच्यावर?" आजोबा एकदम म्हणाले. "त्यांचा काय संबंध?"

"नाही ना? मलाही तसंच वाटतं," मोठ्या बाई म्हणाल्या आणि उठल्या.

५

सकाळी चित्र मधोमध उभे होते, आणि भोवती फोटोच्या वेळचे पाच जण आणि मोठ्या बाई. संचालक घड्याळाकडे बघत होते.

"मोठ्या बाई, तुमच्याविषयी आदर आहे. पण आपण मुद्द्यावर येऊ."

"येऊ की. घाई केली की टाका चुकतो, एवढंच. आधी हे ठरवू या, की चित्रातून गेलं ते काय? तुम्ही म्हणता जुना ब्रोच. मी म्हणते, तो जुना नव्हताच." त्यांनी फोटो टेबलावर ठेवला. "लेस बघा. सोन्याच्या फुलाचं वजन तिला कळलेलंच नाही. का? कारण चित्रकाराने लेस रंगवली तेव्हा तिच्यावर फूल नव्हतं. ते नंतर कोणीतरी वरून रंगवलं."

"नंतर म्हणजे कधी? त्यालाही शंभर वर्षं झाली असतील," सराफ म्हणाले.

"ते तुम्हीच सांगितलंत. चित्रातली एक पाकळी मंद आहे. म्हणजे काढणाऱ्याच्या समोर काच बसवलेला ब्रोच होता." मोठ्या बाई नातीकडे वळल्या. "आणि काच कधी बसली, ते तू सांगितलंस."

नातीचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "आजी लहान असताना," ती म्हणाली. "तिच्या वडिलांनी..." मग तिने तोंडावर हात ठेवला. "म्हणजे तिच्या माहेरी! ब्रोच आजीच्या माहेरचा होता. आणि चित्र तर सासरचं. आजोबांच्या घरचं."

"हं. मग माहेरचा ब्रोच सासरच्या जुन्या चित्रात कसा आला? तुझी आजी लग्न होऊन त्या घरी आली त्यानंतर, आणि चित्र संग्रहालयात आलं त्याच्या आधी, कोणीतरी तो तिथे रंगवला."

संचालक खाली बसले. छापलेली निमंत्रणे त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावीत.

"पण पुसला कोणी?" त्यांनी विचारले. "प्रश्न तो आहे."

"व्हार्निशची चकाकी कायम आहे, म्हणजे कुठलंही जहाल औषध वापरलं नाही. फक्त पाणी. तेलरंगातल्या जुन्या चित्रावरचा दागिना साध्या पाण्याने निघेल, असं या बाईंच्या स्वप्नातही आलं नसतं. आलं असतं, तरी त्यांनी आधी कडेला ठिपका करून पाहिला असता. त्यांचा हातच तसा वळलेला आहे. ज्याने पुसलं त्याने काही करून पाहिलं नाही. त्याला शंकाच नव्हती. तो रंग पाण्याचा आहे, व्हार्निशच्या वर बसलेला आहे, खालच्या चित्राला धक्का लागणार नाही, हे सगळं त्याला आधीपासून माहीत होतं. आता असं माहीत कोणाला असेल?"

"ज्याने रंगवला, त्यालाच," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

मोठ्या बाईंनी नाव घेतले नाही. त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, जणू बाहेर काही बघण्यासारखे होते.

आजोबांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि घडी घातलेला रुमाल टेबलावर ठेवला. पांढऱ्या कापडावर निळा डाग होता, फुलाएवढा.

६

"तुमचं नाव पुढे येईल हे माझ्या ध्यानातच आलं नाही," ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले. "वाटलं, रंग झडला म्हणतील आणि सोडून देतील. मला माफ करा."

"पण का, आजोबा?" नातीचा आवाज फुटला. "मला सांगायचं होतंत! मी लेख लिहीत होते तेव्हा गप्प बसलात. घरोघर सांगत फिरले तेव्हा गप्प बसलात!"

"तू इतकी आनंदात होतीस..." आजोबा थांबले. मग त्यांनी गुडघ्यांवर हात टेकले आणि सांगायला लागले.

"तुझी आजी आमच्या घरी आली ती एका पेटीनिशी. माझ्या बहिणी, म्हणजे तिच्या नणंदा, जिभेला हाड नसलेल्या. 'कुठून उचलून आणलीस?' मला विचारायच्या, तिला ऐकू जाईल असं. अंगावरचा एवढा एक ब्रोच, तर तोही कोणाचा ढापलेला असेल म्हणायच्या. ती उलट एक शब्द बोलायची नाही. तेव्हा हे चित्र जिन्याजवळ होतं. ती त्याच्यापाशी थांबायची. एकदा मला बोलावून म्हणाली, 'बघा, हिच्या कॉलरला रफू आहे.'"

डॉक्टरीणबाईंनी चमकून चित्राकडे पाहिले. लेसमधली ती गाठ.

"आम्ही जन्मभर ते चित्र पाहत आलो, पण ते कोणाला दिसलं नव्हतं. तिला दिसलं. कारण तिच्या एकुलत्या एका चांगल्या पोशाखालाही त्याच जागी रफू होतं, आणि ती त्यावर ब्रोच लावायची. हसत म्हणाली, 'एवढी मोठ्या घरची, पण झाकायला काही नाही बिचारीला. हिला माझा ब्रोच द्यायला हवा.'" आजोबा क्षणभर हसले. "मग मी दिला. बहिणी गावाला गेल्या होत्या. पाण्याच्या रंगात काढला, म्हणजे मूळ चित्राला इजा नको आणि हवा तेव्हा पुसता यावा. बहिणी परतल्यावर म्हटलं, 'अगं बायांनो, नीट बघा, हिच्या अंगावर तर तुमच्या वहिनीचाच ब्रोच! म्हणजे तीही असल्याच मोठ्या घराण्यातली.' त्या दिवसापासून त्यांची तोंडं बंद. पुसायचं मात्र राहून गेलं. मग वाटण्या झाल्या, माझ्या थोरल्या भावाने चित्र इथे देऊन टाकलं."

"आणि ब्रोचच्या मागचं नाव?" संचालकांनी विचारले.

"तिच्या आजीचं. ती सुईण होती. कुठल्याशा मोठ्या घरची अडलेली बाई तिने सोडवली, त्यांनी खूश होऊन तिच्या नावाने ब्रोच घडवून दिला." आजोबा चित्राकडे वळले. "घरातल्या घरात चार बायकांची तोंडं बंद करायला खोटं बोललो, त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. पण पितळेच्या पाटीवर ते कोरायचं? मग हिचं खरं नाव कधी कोणी शोधणारच नाही. आणि त्या सुईणीला उगाच दुसरीचा चेहरा चिकटेल. परवा इथे एकटा बसलो होतो, हातात पाण्याचा पेला होता. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. पुसला आणि चित्रावर कापड ओढलं."

संचालक उठले आणि डॉक्टरीणबाईंसमोर गेले. "मी तुमच्यावर घाईने आळ घेतला. विश्वस्तांना मी स्वतः सांगेन, काय झालं ते आणि मी काय म्हणालो तेही." त्यांनी सुस्कारा सोडला. "आणि पाटीवर आता काय लिहू?"

"होतं तेच," मोठ्या बाई म्हणाल्या. "'अज्ञात' म्हणण्यात कमीपणा नाही. अजून शोधायचंय, एवढाच त्याचा अर्थ. आणि आपल्याला काल होतं त्यापेक्षा आज जास्त माहीत आहे. हिने रफू केलेली लेस घालून चित्र काढून घेतलं, आणि त्या इमानी माणसाने ते लपवलं नाही. असं का केलं असेल तिने? गरिबीमुळे? की लेस कोणाच्या आठवणीची होती? तिथून सुरुवात करा की."

नात काही न बोलता निघून गेली. आजोबा तिच्या मागे काठी टेकत गेले.

पुढे पुष्कळ दिवसांनी ती पुन्हा आली. जुन्या पाटीखाली आता एक छोटी ओळ होती: 'डाव्या बाजूच्या लेसवरील रफू पाहावे.' लोक वाकून बघत होते आणि एकमेकांना दाखवत होते. आजोबा बाकावर बसले होते.

"नवा लेख लिहितेय," तिने मोठ्या बाईंना सांगितले. "सुईणीवर. नाव तर माहीत आहे, चेहरा नाही. हिचं बरोबर उलटं."

"मग आजोबांशी बोलणं सुरू झालं म्हणायचं."

"वकिलाला आरोपीशी बोलावंच लागतं," ती म्हणाली. आजोबांनी ऐकले, पण ऐकू न आल्यासारखे केले.

ती चित्रापुढे जाऊन उभी राहिली. तिच्या पातळ सुती कॉलरवर निळे फूल होते, एक पाकळी मंद. आणि फुलाच्या वजनाने ती कॉलर एका बाजूला जराशी खाली ओढली गेली होती.